पहिल्यांदा स्यूडोमोनास आढळल्यावर थांबू नये

ताई, तुमच्या सात वर्षांच्या मुलाच्या बेडक्यात पहिल्यांदाच स्यूडोमोनास हा जंतू आढळला असून डॉक्टरांनी महिनाभर नेब्युलायझरमधून (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्रातून) टोब्रामायसिन हे प्रतिजैविक द्यायला सांगितले आहे. पण मूल खेळते आहे, खोकलाही वाढलेला नाही, तेव्हा कापूस विकला जाईपर्यंत थांबले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मुलीलाही सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार आहे, म्हणून कळकळीने सांगते, थांबू नका.

या आजारात फुप्फुसातला कफ घट्ट होऊन साचतो आणि त्यात हा जंतू सहज रुजतो. सुरुवातीला तो औषधाने बहुधा समूळ काढता येतो. पुढे मात्र तो स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करून ठाण मांडतो आणि मग औषधाने केवळ दबतो, जात नाही. मूल बरे दिसते आहे, तीच उपचाराची योग्य वेळ आहे. खर्चाची अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि स्वस्त ब्रँड लिहून मागा.

साधारणपणे 300 मिलिग्रॅमचा डोस दिवसातून दोनदा, 28 दिवस देतात. दोन डोसांत बारा तासांचे अंतर उत्तम, पण सहा तासांपेक्षा कमी नको. आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नसल्याने ही मुभा लक्षात ठेवा. आधी श्वासनलिका मोकळी करणारे औषध, मग नेब्युलायझरमधून मिठाच्या पाण्याची वाफ व छातीची फिजिओथेरपी आणि कफ निघून गेल्यावर शेवटी टोब्रामायसिन, हा क्रम मोडू नका, कारण साचलेल्या कफातून औषध खोलवर पोचत नाही. औषध फ्रीजमध्ये ठेवावे लागते. घरी फ्रीज नसेल तर मेडिकलवाल्यांकडे ठेवून थोडे थोडे आणता येईल का, ते विचारा.

प्रत्येक वापरानंतर नेब्युलायझरचा कप आणि तोंडात धरायची नळी साबणाने धुऊन, कंपनीने चालते असे लिहिले असेल तर पाण्यात पाच मिनिटे उकळून, पूर्ण कोरडी होऊ द्या. या जंतूला ओल आवडते, म्हणून उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत पाणी साचू देऊ नका.

कोर्स संपल्यावर बेडका पुन्हा तपासून घ्या आणि पुढेही दर तीन महिन्यांनी तपासत राहा. जंतू टिकून राहिला तर दवाखान्यात भरती करून सुमारे दोन आठवडे शिरेतून दोन प्रतिजैविके द्यावी लागू शकतात. या मुलांच्या शरीरातून टोब्रामायसिन लवकर बाहेर पडत असल्याने शिरेतला डोस नेहमीपेक्षा मोठा असतो. तालुक्याच्या डॉक्टरांना तो जास्त वाटला, तर कमी करण्याआधी त्यांनी तुमच्या तज्ज्ञ डॉक्टरांशी फोनवर बोलावे, असा आग्रह धरा आणि रक्तातील औषधाची पातळी, मूत्रपिंडे व ऐकू येणे यांची तपासणी करून घ्या.