जामिनाची रक्कम आणि एजंटाचे शुल्क

कॅलिफोर्नियात आपल्या माणसाला पहिल्यांदाच अटक झाली असेल, तर शुल्क घेऊन आरोपीसाठी जामिनाची हमी देणाऱ्या एजंटाला (बेल एजंट) फोन लावण्यापूर्वी पैशांचा हिशेब नीट समजून घ्यावा. जामिनाची पूर्ण रक्कम स्वतः भरली आणि आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला, तर खटला संपल्यावर ती परत मिळते. एजंटाचे शुल्क मात्र, जे तिथे साधारणपणे १० टक्के असते, आरोप पुढे मागे घेतले गेले तरी परत येत नाही. म्हणजे २०,००० डॉलरच्या जामिनामागे २,००० डॉलर गेलेच समजा. शिवाय करारावर सही करणारा नातेवाईक पूर्ण रकमेला बांधला जातो, म्हणून कितीही घाई असली तरी घर तारण ठेवण्याचे कलम स्वतः वाचल्याशिवाय सही करू नये.

एजंटाचा परवाना राज्याच्या विमा विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. स्वतःहून गळ्यात पडणाऱ्याला मी तरी दूरच ठेवेन. पहिल्या हजेरीला न्यायाधीश केवळ वैयक्तिक हमीवरही सोडू शकतात, तेव्हा एखादा दिवस थांबावे का, हे आधी वकिलाला विचारावे. इलिनॉयमध्ये तर सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीनच रद्द झाला आहे.

आरोपी व्हिसावर असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलणे टाळू नये, कारण तुरुंगातून सुटताच इमिग्रेशन खात्याने त्याला ताब्यात घेतले, तर भरलेले शुल्क पाण्यात जाते.