सोसणं बाजूला ठेव, काम सांग

अगं,

मुलींसमोरच्या भाषणासाठी केलेली तुझी यादी मिळाली. अकरा कर्तबगार बायकांची नावं, प्रत्येकीला दोन ओळी आणि तळाला तुझा प्रश्न: ‘यांनी एवढं सोसलं, माझं तर सगळं सुरळीत चाललंय, मग मी यांच्याकडून घ्यायचं काय?’ प्रश्न चांगला आहे. यादी मात्र वाईट आहे. दहा मिनिटांच्या भाषणात अकरा बायका म्हणजे एकीला धड मिनिटही नाही. तेवढ्यात जन्मगाव आणि पुरस्कार सांगून होतात, बाई राहूनच जाते.

तुझ्या त्या ओळी पुन्हा वाच. कोणी विरोध केला, कोणी टोमणे मारले, कोणी दगड मारले हे सगळं आहे. तिने काम कसं केलं हे एकीच्याही पुढे नाही. म्हणून तुझा गोंधळ झालाय. सोसण्याची नक्कल करता येत नाही आणि करूही नये. कामाची करता येते. सावित्रीबाईंचंच घे. अंगावर शेण-चिखल फेकला जायचा, त्या जादा लुगडं सोबत न्यायच्या, हे पाचवीतलं पोरही सांगतं. पण त्यांनी शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, शिकवायचं कसं हे आधी शिकून घेतलं होतं, हे किती जण सांगतात? चिखल फेकणाऱ्यांनी शाळा चालवली नाही, त्या प्रशिक्षणाने चालवली. सोसणं बाजूला ठेव, काम सांग.

तू रसायनशास्त्र शिकतेस, तेव्हा अकरातली एकच घे: जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, दुर्गा भागवतांच्या बहीण. 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला आणि संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत, शेवटी अटींवर प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष नुसतं पारखून बघायचं, संचालकांचं समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही, आणि तिथल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. एवढं एका वाक्यात सांग आणि पुढे जा. त्या अटी अपमानाच्या होत्या, त्यांतून काही शिकण्यासारखं नाही. शिकायचं ते पुढे आहे.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. विषय बघ. महागडं यंत्र किंवा परदेशातून आणायचा नमुना यातलं काही नाही. गरिबाच्या ताटात जे पडतं त्यात पोषण किती आणि ते अंगी लागतं का, एवढा प्रश्न. 1936 ला एम.एस्सी. झाली. मग केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारं हे प्रथिन. प्रबंध चाळीस पानांचा, काम चौदा महिन्यांचं, 1939 ला पीएच.डी. चाळीस पानं! आपल्याकडे प्रस्तावनाच तेवढी होते. प्रश्न नीट कापून छोटा केला की उत्तर आटोपशीर येतं, हे त्यांच्याकडून शिकायचं. हेच भाषणालाही लागू आहे, म्हणून तर अकराची एक कर म्हणते.

पुढे मुंबईत त्यांनी कडधान्यांतल्या ट्रिप्सिनरोधकांवर काम केलं. ट्रिप्सिन हे आतड्यात प्रथिनांचे तुकडे करणारं विकर (एन्झाइम). डबल बीसारख्या कच्च्या दाण्यांत त्यालाच अडवणारे घटक असतात, म्हणून अर्धवट शिजलेली उसळ पोटात जाते पण प्रथिन पुरतं पचत नाही. उष्णतेने हे घटक बरेचसे निकामी होतात. भिजवून मऊ शिजवायची आपली पद्धत त्यामुळेच बरोबर ठरते. हे तू मुलींना सांगितलंस तर त्या घरी जाऊन कुकरची एक शिट्टी वाढवतील. पुरस्कारांची यादी ऐकून काय वाढवतील?

निवृत्तीनंतर कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेत त्या काम करत होत्या. 1982-83 ला अध्यक्षा होत्या, संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात लिहीत होत्या. प्रयोगशाळा ते स्वयंपाकघर हे अंतर त्यांनी स्वतः चालून पार केलं. म्हणून भाषणात बोलू नकोस फार, प्रयोग कर. दुधातल्या पिठाची तपासणी मंचावर पाच मिनिटांत होते.

तीन काचेचे पेले घे. पहिल्यात खात्रीचं दूध, दुसऱ्यात तेच दूध आणि चिमूटभर आरारूट, तिसऱ्यात तपासायचं दूध. प्रत्येक नमुना दोन-तीन मिलिलिटर, त्यात पाच मिलिलिटर पाणी, आणि हे घरूनच उकळून आण. पूर्ण गार झाल्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाक. पीठ असेल तर निळा रंग येतो. बहुतेक मुली इथेच फसतात, गरम दुधात थेंब टाकतात. पिठातल्या स्टार्चचा रेणू मळसूत्रासारखा वळलेला असतो आणि आयोडीन त्या वळणात अडकलं की निळं दिसतं. उष्णतेने ती पकड सुटते आणि रंग येतच नाही, मग भेसळीचं दूध शुद्ध ठरतं. दुसरी चूक म्हणजे पहिले दोन पेले न ठेवणं. ‘असा दिसायला हवा’ आणि ‘असा दिसता कामा नये’ हे दोन्ही समोर नसतील तर तिसऱ्याबद्दल बोलायचा तुला अधिकार नाही. प्रयोगशाळेत कमलाबाई जी शिस्त पाळत होत्या ती हीच, आणि ती तुला आजपासून पाळता येते.

पीठ मुळात कशासाठी घालतात, हेही सांग. पाणी घातलं की दूध पातळ होतं आणि दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरचा आकडा खाली घसरतो. तो दाटपणा परत आणायला पीठ किंवा साखर. साय काढली तर उलट आकडा चढतो, त्यामुळे साय काढून पाणी घालणारा लॅक्टोमीटरला बेमालूम चकवतो. एका साधनावर भिस्त ठेवायची नाही ती यासाठी.

दुसरं नाव हवंच असेल तर गावरान बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे घे. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, 2020 ची पद्मश्री. पण ‘बीजमाता’ म्हणून हार घालून मोकळी होऊ नकोस. बी धरणं हे कसबी काम आहे. खळ्यावर दाणा बघून बी निवडता येत नाही. पीक उभं असताना निरोगी वेल हेरावा लागतो, त्याला खूण बांधावी लागते, शेंगा वेलावरच वाळू द्याव्या लागतात. मग सावलीत वाळवण. तापलेल्या गच्चीवर टाकलं तर आतला कोंब मरतो आणि बी वरून ठणठणीत दिसतं. दाताखाली कट्कन फुटलं तर वाळलं, दबलं तर अजून ओल आहे. भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालून ठेवतो, म्हणून नुसतं मडकं बंद करून भागत नाही. चाळलेली राख मिसळतात ती दाण्यांमधल्या फटी भरते आणि किड्याला हलू देत नाही. वाल-घेवड्याचं बी असं धरलं तर वाण टिकतो, कारण फुलाचं परागीभवन बहुतेक आपल्या आपल्यातच होतं. भोपळ्याचं तसं नाही. शेजारी दुसरा भोपळा असेल तर मधमाशी सरमिसळ करून ठेवते.

पेरणीआधी शंभर बिया ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळायच्या, पाणी शिंपडत राहायचं (चिंब केलं तर बुरशी येते) आणि आठव्या दिवशी मोड मोजायचे. ऐंशीची अपेक्षा असताना साठच आले तर बी तिसऱ्या हिश्श्याने जास्त पेरायचं. हे वर्गात करता येतं.

कोसबाडला आदिवासी मुलांना शिकवणाऱ्या अनुताई वाघांचं एकच सांगते. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा ताराबाई मोडक आणि त्यांनी बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर नेली. बाकी चरित्र तू वाचलेलंच आहेस.

तुमच्या अशा सांगण्याने या बायका कोरड्या होतात, त्यांच्यातला जीव जातो, असं मला म्हणतात. म्हणू देत. रडवणारं भाषण करणं सोपं असतं, टाळ्याही मिळतात. पण सोसण्याची गोष्ट ऐकून घरी गेलेल्या मुलीला वाटतं की सोसणं हीच लायकी, आणि ज्या मुलीला घरी खरोखर सोसावं लागतंय ती आणखी गप्प बसते. हा धोका मला कोरडेपणापेक्षा मोठा वाटतो. आपल्याकडे बाई गेली की तिचे हाल छापून येतात आणि तिच्या वह्या रद्दीत जातात, याची चुटपुट आहे मला. तिने पहिल्यांदा काय मोजलं, कुठे चुकलं, मग काय बदललं, हे विचारायला कोणी जातच नाही. तुझ्या ओळखीत पापड लाटून चार घरं चालवणारी बाई असेलच. तिला तिच्या नवऱ्याबद्दल विचारू नकोस, पापडखार किती घालते आणि ढगाळ हवेत काय करते ते विचार, आणि वहीत उतरव. सोसणं ती सांगेल तेव्हा सांगेल. तू काम विचार.

आता तयारीला लाग. टिंक्चर औषधाच्या दुकानात मिळतं, नवीन बाटली घे, कारण उघडी राहिलेल्या बाटलीतलं आयोडीन उडून जातं. पेल्यांमागे पांढरा कागद धर, नाहीतर शेवटच्या बाकापर्यंत रंग दिसणार नाही. आदल्या रात्री घरी एकदा सगळं करून बघ. आणि आयोडीन पडलेलं दूध कोणी हौसेने चाखायला मागितलं तरी देऊ नकोस, तिन्ही पेले मोरीत ओतून टाक.

तुझी मावशी