निफेडिपिन: दोन दिवसांची सवड, दिवस भरेपर्यंतची सोय नव्हे

तुम्ही विचारलंय की गरोदरपणाच्या ३१व्या आठवड्यातच कळा आल्या म्हणून सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या तुमच्या बहिणीला कळा थांबवायचं निफेडिपिन सुरू केलं, तेव्हापासून तिचं डोकं ठणकतंय आणि चेहरा तापतोय. गोळी सोसत नाही का, आणि सोसली तर दिवस भरेपर्यंत घ्यावी का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. हे औषध साधारण ४८ तासांसाठीच असतं. त्यानंतर घरी गोळ्या चालू ठेवून बाळाचा फायदा होतो असं दिसलेलं नाही. आपल्याकडे कळा थांबवायचं दुसरं औषध, आयसोक्सुप्रिन, महिनोन्‌महिने घ्यायची पद्धत अजून आहे, ती मला पटत नाही.

मग दोन दिवस कशाला? बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोन देतात: ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, दर १२ तासांनी एक. तेवढ्यात आईला नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी, म्हणजे तुमच्या बाबतीत बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोचवायचं. बाळ पोटात असतानाचा प्रवास जन्मानंतरच्या प्रवासापेक्षा केव्हाही बरा.

आता डोकेदुखी. निफेडिपिन गर्भपिशवीबरोबर रक्तवाहिन्याही सैल करतं. त्यामुळे डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, धडधड हे अपेक्षितच. साधारणपणे आधी २० मिलिग्रॅम, मग दर सहा-आठ तासांनी १० ते २० देतात. गोळी गिळायची, जिभेखाली ठेवली किंवा फोडली तर बीपी एकदम कोसळू शकतं. झोपलेली बाई झटकन उठली की चक्कर येते, म्हणून कुशीवर वळून, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं. वरचा बीपी ९०च्या खाली असेल तर पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

टर्ब्युटालिन, आयसोक्सुप्रिन या कळा थांबवायच्या दुसऱ्या औषधांनी हात थरथरतात, नाडी पळते, साखर वाढते. डेक्सामेथासोनही साखर चढवतं, त्यामुळे मधुमेह असेल तर काही दिवस नीट तपासत राहा. खरी भीती फुप्फुसात पाणी होण्याची. जुळी असतील किंवा सलाईन भरमसाट चढवलं असेल तर धोका जास्त. धाप लागली, आडवं पडवेना, तर लगेच सांगा.

पाणी जाऊन ताप आला असेल, वार सुटल्यासारखा रक्तस्राव होत असेल किंवा बीपी फार वाढून झटक्यांची भीती असेल, तर कळा थांबवायच्याच नसतात.

१०८ने निघताना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: पहिलं इंजेक्शन किती वाजता, शेवटची गोळी किती वाजता, तेव्हाचा बीपी. पहिली वेळ लिहिलेली नसली की पुढचं इंजेक्शन एक तर चुकतं, नाहीतर दुबार होतं.