गाठ दुखत नाही, दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल ना?

प्रश्न: मॅडम, माझं वय ४४. दोन महिन्यांपूर्वी साबण लावताना उजव्या छातीत काखेकडच्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत अजिबात नाही. माहेरी आई, मावश्या कुणालाच कॅन्सर नव्हता, दोन्ही मुलांना अंगावर पाजलंय, सासूबाई म्हणतात दुधाची गाठ राहिली असेल. दिवाळीचं उरकलं की दाखवावं म्हणते. चालेल ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर: नाही चालणार ताई. याच आठवड्यात जा, चकल्या नंतर. अशा बऱ्याचशा गाठी साध्याच निघतात, पण तुमची साधी आहे का हे मी पत्र वाचून सांगू शकत नाही आणि सासूबाई तर नाहीच नाही. आणि दुखत नाही म्हणून निवांत राहू नका, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, तिथेच तर बायका फसतात आणि महिनोन्महिने अंगावर काढतात.

माहेरचं म्हणाल तर, स्तनाचा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या पाच-दहा जणींचाच आनुवंशिक असतो, बाकीच्यांपैकी बहुतेकींच्या घरात कुणालाच नसतो. शिवाय या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जीनमधला दोष वडिलांकडूनही येतो, आत्याचं कुणी विचारतच नाही! अंगावर पाजल्याने धोका कमी होतो हे खरं, पण ती काही गॅरंटी नाही.

सर्जन आधी हाताने तपासतील, मग मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, सोनोग्राफी आणि गरज वाटली तर बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी. मॅमोग्राफीत छाती दोन प्लेटांमध्ये दाबतात, काही सेकंद कळ येते, बास. सुई लावली की कॅन्सर पसरतो ही निव्वळ अफवा. आणि मॅमोग्राफी नॉर्मल आली पण गाठ हाताला लागतेच आहे, तर तिथे थांबू नका, पुढचं काय ते डॉक्टरांना विचाराच.

नुसत्या हाताच्या तपासणीला कमी लेखू नका हं. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या जणींना शिकवून तयार केलेल्या सेविका दर दोन वर्षांनी हातानेच तपासायच्या, मशीन नाही काही नाही, तरी पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

जाताना सासूबाईंनाही घेऊन जा. धोका वयाबरोबर वाढतो, आणि त्यांना आजवर कुणी तपासलं असेल असं मला वाटत नाही.