बाऊप्रोबंच्या आधी ठरव

प्रिय,

जर्मनीतल्या नगरनाट्यगृहाचं नाटक दिग्दर्शनासाठी हातात आलंय, तालमीला सहा आठवडे आहेत आणि तू विचारतेस, ‘मला तर तालमीत सापडत जातं, आधीच सगळं कसं ठरवू?’ ठरवायचं. बाऊप्रोबंच्या आधी ठरवायचं.

ही बाऊप्रोबं, म्हणजे नेपथ्याची चाचणी, प्रीमियरच्या कित्येक महिने आधी होते. मोठ्या रंगमंचावर फळ्या, कापडं, जुने प्लॅटफॉर्म लावून तुझ्या नेपथ्याचा खऱ्या मापाचा सांगाडा काही तासांपुरता उभा करतात. नेपथ्यकाराशेजारी शोभेला बसू नकोस. पहिल्या रांगेत बस, मग बाल्कनीच्या शेवटच्या खुर्चीत, मग दोन्ही टोकांना. उतारावरून स्वतः चालून बघ. दार बुटकं वाटतंय, विंगेत दोन नट एकमेकांना अडतायत, तर तिथल्या तिथे बोल. त्यानंतर आराखडे वर्कशॉपला जातात, सुतार कामाला लागतात. चौथ्या आठवड्यात ‘भिंत दोन फूट मागे घेऊ’ म्हणालीस तर तांत्रिक प्रमुख अदबीने ऐकून घेईल आणि भिंत जागची हलणार नाही. आपल्याकडे रंगीत तालमीच्या आदल्या रात्री सेट बदलतो, आणि त्याचं आपल्याला कोण कौतुक! ते कौतुक इथेच ठेवून जा.

मुळात तो रंगमंच तुझा नसतोच. आज नाटक, उद्या ऑपेरा, परवा बॅले. सकाळी लागलेला सेट दुपारी निघतो. तुझ्या तालमी वेगळ्या दालनात, जमिनीवर चिकटपट्ट्यांनी आखलेल्या भिंतींमध्ये. खरा रंगमंच मिळतो तो शेवटी आठवडा-दीड आठवडा, आणि त्यातलेच तास प्रकाशयोजनेला द्यायचे. तालीम साधारण सकाळी १० ते २ आणि संध्याकाळी ६ ते १०. नटाचा रात्री दुसरा प्रयोग असेल तर तो तुला फक्त सकाळी. रात्रीची ११ तासांची विश्रांती कराराने बांधलेली, त्यामुळे ‘एकदाच अजून घेऊ या’ चालत नाही. तालमीचं वेळापत्रक मागव आणि सगळे नट एकत्र असलेल्या वेळा मोज. मग बोलू सहा आठवड्यांबद्दल.

संहितेचंही तेच. ड्रामाटुर्गसोबत, म्हणजे नाट्यगृहाच्या संहिता-सल्लागारासोबत, बसून काटछाट पहिल्या तालमीआधी पक्की कर. हक्क शिल्लक असलेल्या नाटकात बाहेरचा मजकूर घालायचा असेल तर प्रकाशकाची लेखी संमती घे. २०१५ मध्ये म्युनिकला फ्रांक कास्टोर्फसारख्या नामवंत जर्मन दिग्दर्शकाचं ब्रेश्टचं ‘बाल’ याच वादात न्यायालयात गेलं आणि बंद पडलं. तिथे तुझी-माझी काय कथा!

आणि तुझ्या नाटकातली ती समई. खरी ज्योत हवी असेल तर आत्ताच लिहून कळव. अग्निसुरक्षेची परवानगी, विंगेत अग्निशामक माणूस, आसपासचं प्रत्येक कापड ज्वालारोधक, एवढं सगळं लागतं. शेवटच्या आठवड्यात विचारशील तर बॅटरीवरची मिळेल, गणपतीतल्या चिनी माळेसारखी लुकलुकणारी.

विजयाबाई मेहता आणि पूर्व जर्मनीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी मिळून केलेल्या नाटकांचा दाखला मला देऊ नकोस. त्यांचं मोठेपण मान्यच आहे, पण ती दोन देशांमधली सांस्कृतिक देवाणघेवाण होती आणि तो पूर्व जर्मनी १९९० मध्येच संपला. तू पाहुणी कलावंत नाहीस, कंत्राटावरची दिग्दर्शक आहेस.

अशाने उत्स्फूर्तता मरते म्हणशील. हे ऐकून मला कोरडा, हेकट म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणोत. भिंत कुठे हे ठरलेलं असलं की तालमीचे तास नटांना मिळतात, नाहीतर ते भिंतच खाते. तुझी खरी ताकद नटांबरोबर आहे, म्हणून तर इतका जीव तोडून सांगतोय.

प्रीमियरनंतर तू निघशील, नाटक मात्र महिनोन्‌महिने चालू राहील. ते सांभाळणार दिग्दर्शन-सहायक, त्याच्या नोंदी केलेल्या संहितेच्या प्रतीवरून. नट आजारी पडला की बदलीचा माणूस त्याच पानांवरून उभा करतात. ‘इथे जरा थांबतो’ ही नोंद कुचकामी. कुठल्या शब्दानंतर, कुणाकडे बघत, कुठल्या खुणेवर, असं सगळं लिहून घे. दर शनिवारी ती प्रत तपास, त्याला राग आला तरी.

करारात घरभाडं आणि प्रवासखर्च कोणाकडे, मानधनाचा शेवटचा हप्ता कधी, हे सहीच्या आधी विचार. संकोच नको. आणि मॉडेल १:२५ चं करून त्यात त्याच मापाचा माणूस उभा कर. बाल्कनीच्या उंचीवरून फोटो काढ आणि या आठवड्यात मला पाठव.