रोज ९ किलोमीटर सायकलने कामावर जायचं आहे, कोणती सायकल घ्यावी?

तुमचं ऑफिस ९ किलोमीटरवर, वाटेत एक मोठा चढ, आणि कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. रोड बाइक, हायब्रिड (दोन्हींच्या मधली) की एमटीबी (डोंगर-मातीवर चालवायची माउंटन बाइक), असं तुम्ही विचारलंय, आणि शेवटी घामाबद्दलही. मी गेली अकरा वर्षं सायकलने कामावर जातो, एका बाजूने ११ किलोमीटर. एवढ्या काळात तीन सायकली झाल्या आणि तुम्ही लिहिलेले तिन्ही प्रकार चालवून झाले.

नाव ठरवण्याआधी फ्रेमकडे बघा. मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि वर सीटखालच्या दांड्यांवर कॅरिअर बसवायला आटे पाडलेली भोकं आहेत का? पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुभागी दांड्याला, मडगार्डसाठी भोकं आहेत का? टायर आणि ब्रेक यांच्यामधून मडगार्ड सरकेल एवढी फट आहे का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर ती कामावर न्यायची सायकल, मग तिच्यावर नाव काहीही लिहिलेलं असो. नाही असेल तर ती सुट्टीच्या दिवशी चालवायची सायकल आहे. हा फरक मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला आधी सांगतोय.

माझी पहिली रोड बाइक होती. खाली वळलेलं हँडल, २५ मिलिमीटर रुंदीचे टायर, वजन जेमतेम दहा किलो. चालवायला अतिशय सुंदर, मोकळ्या रस्त्यावर अजूनही तिची आठवण येते. पण तिला कॅरिअर बसत नव्हतं, त्यामुळे लॅपटॉप पाठीवर आणि पाठ रोज भिजलेली. मडगार्ड नाही, त्यामुळे रस्ता नुसता ओला असला तरी मागचं चाक कंबरेपासून मानेपर्यंत चिखल उडवायचं. चेन उघडी, म्हणून पँट मोज्यात खोचायची. दिवे चार्ज करून रोज लावायचे आणि उतरताना काढून खिशात टाकायचे. निघताना यातलं एखादं राहिलं की मी त्या दिवशी बस पकडायचो. पाच महिन्यांनी हिशेब काढला तेव्हा आठवड्यातून जेमतेम दोन दिवस सायकल निघत होती. अंतर तेच, पाय तेच. तयारीचाच कंटाळा यायचा.

मग उलट टोक गाठलं आणि पुढे शॉकॲब्सॉर्बर असलेली एमटीबी घेतली. ही तुम्ही घेऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं. जाड गुठळ्यांचे टायर मातीत पकड घेण्यासाठी असतात; डांबरावर ते नुसता आवाज करतात आणि ताकद खातात. स्वस्त शॉकॲब्सॉर्बर म्हणजे आत एक स्प्रिंग. चढावर उभं राहून पायडल मारलं की तुमचा काही जोर ती स्प्रिंग दाबण्यात जातो, आणि वर दोन किलो वजन वाढतं ते वेगळंच. खड्ड्यांचा त्रास टायरच्या रुंदीने जास्त चांगला कमी होतो. एमटीबी घरात पडून असेलच तर मात्र नवी सायकल घेऊ नका: गुळगुळीत टायर चढवा, मडगार्ड आणि कॅरिअर लावा. पुढच्या फोर्कला स्प्रिंग थांबवणारा लॉक असेल तर तो चढावर लावून टाका. चांगली कामाची सायकल होते.

आता जी आहे ती सरळ बसायची, रुंद हँडलची हायब्रिड. ३७ मिलिमीटरचे टायर, पूर्ण मडगार्ड, कॅरिअर, चेनवर झाकण, पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, दिव्यासाठी वीज बनवणारा डायनॅमो. वजन सोळा किलो. वजनाची धास्ती घेऊ नका. मी ७४ किलोचा, सायकल आणि बॅग धरून सगळं मिळून साधारण ९४ किलो ढकलायचं असतं. तीन किलो हलकी सायकल घेतली तर त्यातले तीन किलो कमी होतील, म्हणजे सव्वातीन टक्के. चढावर ते थोडं जाणवतं, सपाटीवर कळतही नाही. हलक्या फ्रेमसाठी जास्तीचे पैसे द्यायचे त्याऐवजी ते चांगल्या टायरमध्ये आणि डायनॅमोत घाला. हबमधला डायनॅमो ६ व्होल्टवर ३ वॉट देतो, एलईडी दिव्याला तेवढं भरपूर होतं, आणि चांगल्या दिव्यात थोडी वीज साठवणारा कपॅसिटर असल्यामुळे सिग्नलला थांबल्यावरही काही मिनिटं उजेड राहतो. चार्जिंग हा विषयच डोक्यातून जातो.

गिअरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या वाटेत चढ आहे आणि दुकानात आकड्यांनी गोंधळायला होतं. २१ किंवा २४ गिअर असं लिहिलेलं असतं; त्यातले बरेच एकमेकांवर चढलेले असतात, म्हणजे जवळजवळ सारखेच. महत्त्वाचं एवढंच की सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे. मोठ्या चढावर पायडलच्या मिनिटाला साठ तरी फेऱ्या बसून मारता आल्या पाहिजेत. त्याहून खूप कमी व्हायला लागल्या की भार गुडघ्यावर येतो.

गिअर दोन तऱ्हांचे. एकात चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर उडी मारते, ते बाहेरचे गिअर. दुसरे मागच्या हबच्या पोटात असतात. हबमधल्या तीन गिअरची युक्ती १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच इंग्लंडमध्ये स्टर्मी-आर्चरने बाजारात आणली, आणि त्यांच्या गाजलेल्या तीन गिअरच्या हबचं गणित अगदी सोपं आहे: मधला गिअर सरळ, खालचा त्याच्या पाऊणपट, वरचा सव्वा-दीडच्या मध्ये, १.३३ पट. सपाट गावाला तेवढे पुरतात. तुमच्यासारखा चढ असेल तर सात किंवा आठ गिअरचा हब बघा. आठच्या हबमध्ये सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड गिअरमध्ये साधारण तिपटीचा फरक असतो.

रोजच्या रहदारीत मला हबच आवडतो, आणि कारण साधं आहे. बाहेरचे गिअर बदलायला पायडल फिरत असावं लागतं. समोर कुणी अचानक थांबलं आणि तुम्ही जड गिअरमध्ये अडकलात, की पुन्हा निघताना सगळ्या वजनाने पायडलवर उभं राहावं लागतं. हबचा गिअर सायकल थांबलेली असतानाही बदलता येतो. चेन जागची हलत नाही, म्हणून तिला पूर्ण झाकण लावता येतं. पावसापाण्यात ती महिनोन् महिने स्वच्छ राहते आणि पँटही. तोटाही सांगतो: मागचं चाक काढायला बहुधा १५ मिलिमीटरचा पाना लागतो आणि गिअरची केबल सोडवावी लागते. म्हणून मागे पंक्चर झालं तर चाक न काढता, टायरची एक बाजू उघडून ट्यूब बाहेर ओढून पॅच लावायला शिका. आणि ट्यूब ओली असेल तर आधी खडखडीत कोरडी करा, ओल्या रबरावर सोल्यूशन धरत नाही.

टायरचा साइझ विकत घेण्याआधी वाचायला शिका, यात माझा एक अख्खा दिवस गेला होता. घरच्या जुन्या काळ्या सायकलसाठी मी "२८ इंची" टायर आणला आणि तो रिमवर चढेचना. नंतर कळलं की २८ इंची या नावाखाली ६२२ आणि ६३५ मिलिमीटर अशी दोन वेगळी मापं विकली जातात. २६ इंचीतही तसंच: एमटीबीचं ५५९, जुन्या साध्या सायकलचं ५९०. इंचांवर विश्वास ठेवू नका. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ३७-६२२ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. ७०० सी, २९ इंची आणि आजच्या बहुतेक हायब्रिडचे २८ इंची हे तिन्ही ६२२ च असतात.

रुंदी ३५ ते ४२ च्या मध्ये ठेवा. हवा दर आठवड्याला बघा, कारण पंक्चर नसलं तरी ट्यूबमधून ती हळूहळू जातेच. मी मागे ५५ आणि पुढे ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) ठेवतो. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. कमी हवेत खड्डा लागला की ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यात चिमटते आणि सापाने डंख केल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी दोन भोकं दिसली तर खिळा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढंच.

ब्रेकबद्दल थोडक्यात: स्टीलच्या रिमवर रबरी ब्रेक पावसात जवळजवळ लागतच नाहीत. ॲल्युमिनियमची रिम किंवा डिस्क ब्रेक घ्या.

आता घाम. याचं उत्तर सायकलपेक्षा वेगात आहे. सपाट रस्त्यावर बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी २० किलोमीटरने तुमचं अंतर २७ मिनिटांत होतं. ताशी २४ ने साडेबावीस मिनिटांत. साडेचार मिनिटं वाचवण्यासाठी हवेला द्यायची शक्ती १.७ पट होते, आणि तीच घामाच्या रूपाने शर्टवर दिसते. पाच-सात मिनिटं आधी निघा. चढावर सगळ्यात हलका गिअर टाका, श्वास नाकाने घेता येईल इतकाच जोर लावा, आणि शेवटचा किलोमीटर मुद्दाम सावकाश घ्या. शरीर चालत्या वाऱ्यात थंड होतं, थांबल्यावर नाही. बॅग पाठीवरून उतरवून कॅरिअरच्या बाजूला अडकवली की पाठीचा घाम निम्म्याहून कमी होतो, हा माझा रोजचा अनुभव आहे. तरीही पहिले दोन आठवडे एक शर्ट आणि पंचा ऑफिसात ठेवा.

चढ फारच उभा असेल, किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, तर बॅटरीची मदत असलेली सायकल निःसंकोच घ्या. युरोपीय संघात २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद, एवढ्या मर्यादेतली गाडी कायद्याने सायकलच धरली जाते. पायडल तर मारावंच लागतं. आणि वाटेत रेल्वे असेल तर १६ ते २० इंची चाकांची घडीची सायकल बघा. लहान चाक खड्ड्यात जास्त आपटतं, पण डब्यात सोबत नेता येते.

एक गोष्ट मात्र सायकल घेण्याच्याही आधी पक्की करा. उभ्या असलेल्या मोटारींपासून दार पूर्ण उघडेल एवढं अंतर ठेवून सायकल चालवा, मागून कितीही हॉर्न वाजले तरी. तिसऱ्या वर्षी असं एक दार माझ्यासमोर उघडलं. मनगट मोडलं आणि सहा आठवडे प्लास्टर होतं. तेव्हा मी लोकांना वाट द्यायची म्हणून अगदी कडेने जात होतो. दुसरं, ट्रक किंवा बस वळत असेल तर तिच्या आतल्या बाजूला कधीही शिरू नका. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात, आणि त्या बाजूला चालकाला तुम्ही आरशात दिसत नाही. रात्रीसाठी चमकणारी पट्टी जॅकेटपेक्षा घोट्यांना बांधा. वर-खाली होणारे दोन ठिपके दिसले की मागच्या माणसाला लांबूनच कळतं की हा सायकलवाला आहे.

घरी एवढंच करा. टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. ती सीटची उंची. नवशिके सीट फार खाली ठेवतात आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं की सायकल सोडून देतात. दर दोन-तीन महिन्यांनी चेनवर फूटपट्टी धरा: नव्या चेनच्या २४ कड्या, पिनपासून पिनपर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरली की चेन बदला. एक अष्टमांश होईपर्यंत थांबलात तर ती दातेही खाऊन टाकते आणि मग सगळंच बदलावं लागतं.

तुमची उंची आणि पायाची आतली लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा, आणि तो चढ साधारण किती लांबीचा आहे तेही. फ्रेमचं माप आणि सगळ्यात हलका गिअर किती दातांचा हवा, ते त्यावरून नेमकं सांगता येईल.