घरचं सोयाबीन बियाणं: उगवण कशी तपासावी?

प्रश्न : गेल्या हंगामातलं सोयाबीन बियाण्यासाठी ठेवलं आहे. एकरी ३० किलो पेरलं तर पुरेल का?

उत्तर : उगवण ७० टक्के असेल तर पुरेल. ते आधी तपासा. दुबार पेरणीचा खर्च फार जिव्हारी लागतो. पोत्याच्या वरून, मधून, खालून मूठमूठ दाणे घेऊन मिसळा. त्यातले १०० दाणे मोजा, पण निवडून चांगलेच घेऊ नका, आकडा फसवा येईल. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, दुसरं ओलं गोणपाट झाकून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, निथळेल इतकं नको, दाणे कुजतात. सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजा. ६० निघाले तर एकरी ३५ किलो लागेल. त्याहून फार कमी असेल तर बियाणं बदलाच.

सोयाबीनचं टरफल अगदी पातळ असतं, म्हणून पोती आपटू नका. बियाण्याला बुरशीनाशक आधी चोळा, रायझोबियम हे जिवाणू खत शेवटी, पेरणीच्या तोंडावर. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, ३ ते ४ सेंटिमीटर खोल. त्याहून खोल गेलं की उगवण घटते.